ओटीतला नारळ

रविवार, १८ जानेवारी

आज इथे वडोदऱ्यातच, दांडिया बाजारात मावशींकडे हळदीकुंकू. वाशी उत्तरायण (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा पतंगांचा दिवस) होऊन तीन दिवस झाले तरी तारांवर मांजा लोंबतोय. वाण म्हणून स्टीलची गाळणी मिळाली (बरं झालं, घरची तुटलीच होती). ओटी भरताना मावशी हळूच म्हणाल्या, "आता चिऊला भाऊ आण." शेजारच्या गुजराती काकूंनी लगेच री ओढली, "हां, हवे बीजुं क्यारे?" (आता दुसरं कधी?) मी हसले. हसायचा आता सराव झालाय. पण 'बहीण आण' असं कुणी म्हणत नाही, ते घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

दुसरं नकोच, असंही नाही माझं. सोमवारी सकाळी डबा, बस, चिऊचा हरवलेला मोजा यात ते अजिबात नको असतं. रविवारी दुपारी ती एकटीच दोन बाहुल्यांची भांडणं सोडवत बसलेली दिसली, की हवंसं वाटतं.

मग हिशेब सुरू होतो. कायद्याप्रमाणे दुसऱ्या बाळंतपणालाही २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तिसऱ्यापासून १२. पहिल्या वेळी ती पूर्ण मिळाली, तक्रार नाही. परत गेले तेव्हा माझे सगळे क्लायंट दुसऱ्याकडे गेले होते आणि "तू आधी सेटल हो" असं गोड शब्दांत सांगितलं गेलं. सेटल व्हायला दोन वर्षं लागली. पाळणाघराची सक्ती ५० माणसांपासून पुढे. आमच्या ऑफिसात आम्ही ३८. दुपारी चिऊला आई सांभाळतात, पण त्यांचे गुडघे आता जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबतात. त्या स्वतः काही बोलत नाहीत. मीच मोजते.

रात्री फोनवर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाबद्दल वाचत होते. २०१९-२१ च्या पाहणीत गुजरातचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.९, म्हणजे मावशी कितीही ओट्या भरोत, दोनाच्या खालीच आलोय आपण. त्यात बायकांना एक प्रश्न असतो: मूल नव्हतं त्या काळात परत जाता आलं, आणि आयुष्यात किती मुलं हवीत ते नेमकं ठरवता आलं, तर किती ठरवाल?

आजी जाग्याच होत्या. त्यांना सहा. मी विचारलं. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. "ठरवायचं काय त्यात? पाळी चुकली की कळायचं." मी पुन्हा समजावून सांगितलं. त्या बोटांवर एकेक नाव घेत गेल्या, चौथ्या बोटाशी अडकल्या. चौथी मुलगी दीड वर्षाची होऊन गेली, हे मला आजवर माहीत नव्हतं.

"कुणाला वगळू गं?" त्या म्हणाल्या.

मला काही बोलता येईना. पांघरूण नीट करून बाहेर आले. माझंही तसंच की. 'एक' म्हणते तेव्हा तो आकडा नसतो, ती चिऊ असते. आणि जे अजून नाहीच, त्याला वगळणं मात्र किती सोपं.

निखिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू ठरव, मी आहेच." तो खरंच असतो. चिऊच्या वेळी त्याला पाच दिवस रजा मिळाली, ते पाचही दिवस तो रात्री जागला. पण 'तू ठरव' ऐकलं की सगळं ओझं माझ्याच पदरात पडल्यासारखं होतं. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २८९ मिनिटं, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. त्याला वाचून दाखवलं. "मी ८८ च्या वर असेन," तो म्हणाला. असेल. शंभरएक.

ओट्यावर नारळ तसाच होता. ओटीतला म्हणून कुणाला द्यायचा नाही, गोड करून घरातच संपवायचा.

"उद्या वड्या करूया?" निखिल म्हणाला.

"खोवणार कोण?"

तो विळी शोधायला उठला. कुठे असते, ते मात्र मलाच विचारलं.