सेकंडहँड प्रो, टॉवेलचे तंतू आणि मामेभावाचा प्रश्न

मागच्या नोंदीत पीएस४ प्रो (सोनीच्या पीएस४ या गेम कन्सोलची जास्त ताकदीची आवृत्ती) घरी आल्याचं कळवलं होतं, आणि त्याचा फॅन ऐकून आई स्वयंपाकघरातून "मिक्सर कोण लावलंय रे?" म्हणून ओरडल्याचंही. आता मशीन गप्प आहे. मधल्या काळात काय काय केलं ते लिहितो. सोबत मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकतो, कारण तो भेटेल तिथे एकच विचारतो: "दादा, माझा साधा पीएस४ देऊन प्रो घेऊ का?"

मशीन

माझा प्रो सीयूएच-७००० मालिकेतला, म्हणजे नोव्हेंबर २०१६ला जी पहिली खेप निघाली त्यातला. पुढे ७१०० आली आणि २०१८ला ७२००. शेवटची सगळ्यांत कमी आवाजाची; मिळाली तर तीच घ्या. सोलापुरात अर्थात निवड करायला समोर मशिनं असावी लागतात. जे विकायला येतं ते बघायचं, नाहीतर पुण्याहून येणाऱ्याची वाट बघायची.

तुलनेसाठी शेजारी माझा जुना पीएस४ आहे, जो भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आला होता. टीव्ही ४३ इंची, फुल एचडी. फोर-के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतो, पुढे त्याचं काम आहे.

उघडणं

आमचं घर पूर्व भागात. गल्लीच्या तोंडाशी टॉवेलचा कारखाना आहे, दिवसभर मागांचा खडखडाट आणि हवेत सुताचे बारीक तंतू. ज्याच्याकडून मशीन घेतलं तोही इथलाच, पण "कायम एसीत होतं बघा" असं म्हणाला. झाकण काढल्यावर एसीच्या खोलीत अर्धा टर्किश टॉवेल कुठून शिरला हे काही मला कळलं नाही. फॅनच्या पात्यांवर पांढरा थर, हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये तर सरळ घट्ट बसलेली नमदा.

प्रोचं वरचं झाकण नुसत्या क्लिपांवर असतं. तेवढं काढून फॅन ब्रशने साफ करून बरेच जण थांबतात. आपल्याकडे ते पुरत नाही. घाण हीटसिंकच्या आत जाऊन बसते, आणि तिथवर पोचायचं तर मशीन पूर्ण सोडवावं लागतं. त्यासाठी टी-८ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट लागतो, आणि तोही टोकाला भोक असलेला, कारण स्क्रूच्या डोक्यात मधोमध टिकली असते. साधा टी-८ त्यात बसतच नाही. नवी पेठेत मोबाईल रिपेअरिंगचं सामान मिळतं तिथे बिटचा संच मिळाला.

ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने फॅन जोरात फिरला तर उलट वीज तयार होऊन बोर्डात जाऊ शकते, आणि बेअरिंगलाही ते बरं नाही. चिप आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली. बाकीच्या चिपांवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले नव्हते, तेच ठेवले.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. ती मागच्या बाजूच्या छोट्या झाकणाखाली असते, मशीन न उघडता बदलता येते. नंतर पेनड्राइव्हवरून सेफ मोडमध्ये सिस्टिम सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं. इथे एक सांगतो: अपडेटची छोटी फाईल नको, पूर्ण रीइन्स्टॉलची मोठी, साधारण एक जीबीची फाईल लागते. एसएसडीचा फायदा दिसतो पण आभाळ फाटत नाही. डिस्क जोडायची वाट प्रोला जास्त वेगाची साटा-३ आहे, जुन्या पीएस४ला साटा-२, तरी दोन्हीकडे डेटा उलगडायचं काम त्याच अशक्त सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) येऊन अडतं.

आणि सगळं भांडण त्या सीपीयूपाशीच आहे.

खेळून बघितलं

आकडे असे. जुन्या पीएस४चा जीपीयू (चित्र काढणारी चिप) १.८४ टेराफ्लॉप्सचा (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं), प्रोचा ४.२. म्हणजे दुपटीहून जास्त. सीपीयू मात्र तोच, एएमडीचा आठ कोअरचा जग्वार, १.६ गिगाहर्ट्झवरून २.१३ वर नेलेला, इतकंच. चित्र काढणारा हात दुप्पट जोराचा झाला, पण काय काढायचं ते ठरवणारं डोकं तेवढंच राहिलं.

सेकंदाला ३० फ्रेमचा (चित्रांचा) गेम ६० वर न्यायचा तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंदांऐवजी १६च मिळतात. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, दगड कुठे घरंगळला, हा सगळा हिशोब सीपीयूने निम्म्या वेळात उरकायला हवा. एक तृतीयांश जास्त वेगात तो बसत नाही. म्हणून बहुतेक स्टुडिओंनी प्रोची ताकद पिक्सेलमध्ये घातली. 'होरायझन झिरो डॉन' चेकरबोर्ड पद्धतीने फोर-केला जातो. म्हणजे प्रत्येक फ्रेमला निम्मे पिक्सेल नव्याने काढायचे आणि उरलेले मागच्या फ्रेमच्या आधाराने भरायचे. 'गॉड ऑफ वॉर'मध्ये परफॉर्मन्स मोड आहे. त्यात फ्रेम रेट मोकळा सुटतो, पण ६० वर ठामपणे टिकत नाही.

माझ्या फुल एचडी टीव्हीवर काय दिसलं? सेटिंग्जमध्ये सुपरसॅम्पलिंग मोड आहे, मार्च २०१८च्या ५.५० अपडेटपासून. गेम आतून मोठ्या रिझोल्युशनला चालतो आणि चित्र बारीक करून टीव्हीला दिलं जातं. गवत, केस, लांबच्या तारा यांची चुळबुळ खरंच थांबते. मला आवडलं. आईला दोन्ही मशिनं शेजारी लावून दाखवली तर तिला फरक फक्त आवाजात वाटला.

'ब्लडबोर्न'ला प्रोसाठी पॅच (गेममध्ये सुधारणा करणारं अपडेट) कधी आलाच नाही. बूस्ट मोड (जुन्या गेमनाही प्रोचा वाढीव वेग देणारी सेटिंग) लावूनही तो ३० फ्रेमलाच बांधलेला, आणि फ्रेमचं ते अडखळत येणंही तसंच. ज्या गेमसाठी मी प्रो घ्यावा असं दहा जणांनी सुचवलं होतं, तोच हा.

पण याच कारणाने जुना मालक वाचला

हे मला मशीन हातात घेऊन खेळल्यावर नीट उमगलं. प्रोवर पॅच नसलेला जुना गेम लावला आणि बूस्ट मोड बंद असला, तर प्रो आपला अर्धा जीपीयू चक्क झोपवतो आणि चिपचा वेग जुन्या पीएस४इतका खाली आणतो. कारण जुने गेम त्या ठरावीक वेगाचा हिशोब धरून लिहिलेले. नव्या मशीनवर ते बिघडू नयेत म्हणून एवढी खटपट. सोनीचा नियमही सरळ होता: फक्त प्रोवर चालणारा गेम काढायचा नाही. सीपीयू अगदी नवा टाकला असता तर त्याच्या भरवशावर गेम रचले गेले असते, आणि मग साधा पीएस४ त्या दिवशी जुना झाला असता. प्रो जिथे तोकडा वाटतो, नेमकं तिथेच साध्या मशीनच्या मालकाचं संरक्षण झालेलं आहे.

जिथे हा नियम नव्हता तिथे काय झालं ते बघा. निन्टेन्डोने २०१४ मध्ये आपल्या थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलची सुधारित आवृत्ती, न्यू थ्रीडीएस, काढली, सीपीयू दणकट केला, आणि 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स थ्रीडी' जुन्या थ्रीडीएसवर चाललाच नाही. त्याहून वाईट गत सेगाच्या ३२एक्सची. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत १५९ डॉलरला आलेलं, सेगाच्याच मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या डोक्यावर बसवायचं हे यंत्र. विजेचा स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागणारं. त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाचाच नवा कन्सोल सॅटर्न विकायला आला, पुढच्या मे महिन्यात अमेरिकेतही. ज्यांनी ३२एक्सला पैसे घातले त्यांना गेम मिळाले चाळीसच्या आसपास, आणि मग कोणी विचारेना. ग्राहकाला पिढीच्या मध्येच आलेल्या मशीनने लुटलं असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे ३२एक्स येतो, प्रो नाही.

तरी सोनीचा नियम कागदावर होता आणि स्टुडिओ त्याच्या कडेकडेने चालले, हेही खरं. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तो साध्या पीएस४वर अक्षरशः रडत. आठवड्याभरात सोनीने स्वतःच्या दुकानातून काढून टाकला. जून २०२१ मध्ये परत घेतला तेव्हा सोबत सूचना होती की साध्या पीएस४वर अडचणी येतील, प्रो किंवा पीएस५वर खेळणं उत्तम. पेटीवर पीएस४ लिहिलेलं, आणि खाली ही पुस्ती! मामेभावाने तो गेम त्याच सुमारास डिस्कवर घेतला होता. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि प्रोचं खूळ तिथूनच डोक्यात शिरलंय.

पण त्याच गेमचा २०२३चा विस्तार 'फँटम लिबर्टी' पीएस४साठी निघालाच नाही. साध्यालाही नाही आणि प्रोलाही नाही. प्रो आल्यावर सात वर्षांनी त्याचं आयुष्य साध्या मशीनपेक्षा एका दिवसानेही जास्त निघालं नाही. पैसे टाकून मुदत वाढत नाही, मुदतीतलं चित्र सुधारतं.

आताच्या पिढीचं गणित

२०१६ साली गोष्ट निराळी होती. अमेरिकेत पीएस४ २०१३ला ज्या ३९९ डॉलरला आला, त्याच ३९९ला तीन वर्षांनी प्रो आला आणि साधा स्लिम २९९ला उतरला. उशिरा येणाऱ्याची चंगळ. दोन्हीकडून फायदा. माझ्या मते मधल्या अपग्रेडचं खरं समर्थन हेच: ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी दार स्वस्तात उघडतं.

पीएस५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये आला ६९९.९९ डॉलरला, डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा. साधा पीएस५ स्वस्त व्हायच्या ऐवजी वर गेला. आपल्याकडे ४९,९९० चा नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. म्हणजे दार उघडलंच नाही, उलट उंबरठा वाढला. जीपीयूचे कम्प्यूट युनिट ३६ वरून ६० झाले, चित्र मोठं करायला पीएसएसआर आलं, आणि सीपीयू? पुन्हा तोच झेन २. शिवाय सुरुवातीच्या यादीत भारत नव्हताच. मशीनमध्ये वायफाय ७ आहे, त्याला ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो, आणि तो आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. इथे घरात राऊटर कुठल्या कोपऱ्यात ठेवला की नेट येतं यावर चर्चा चालते, आणि मशीन अडलं ते वायफायच्या पट्ट्यावर!

मायक्रोसॉफ्टने या पिढीत हा खेळ खेळलाच नाही. मागच्या वेळी त्यांचा एक्सबॉक्स वन एक्स (नोव्हेंबर २०१७, सहा टेराफ्लॉप्स, १२ जीबी मेमरी) प्रोपेक्षा सरळ सरळ तगडा होता. या वेळी त्यांनी मोठा आणि धाकटा पहिल्याच दिवशी सोबत आणले, सिरीज एक्स आणि सिरीज एस. आता तक्रार उलटी: धाकट्याची कमी मेमरी स्टुडिओंना मागे ओढते म्हणून. कोणत्या तरी मालकाला पायात पाय अडकल्यासारखं वाटणारच.

आमच्या गावाला मात्र सगळ्यांत जास्त टोचतं ते डिस्क ड्राइव्ह नसणं. इथला खेळ डिस्कच्या अदलाबदलीवर चालतो. एकाने गेम संपवला की तो जुळे सोलापूरहून अशोक चौकात, तिथून होटगी रोडला, आणि सहा महिन्यांनी कोणाच्या तरी पावण्याच्या पिशवीतून अक्कलकोटला. डिजिटल गेम असा फिरत नाही. ड्राइव्ह वेगळा विकत मिळतो खरा, पण महागड्या मशीनवर आणखी खर्च.

उन्हाळा

प्रोच्या पहिल्या खेपेचा कमाल वीजवापर ३१० वॉट, पहिल्या पीएस४चा २५०. अर्थात मशीन सतत तेवढी वीज खात नाही, पण जीपीयूला जोर लागला की खोलीला समजतं. एप्रिलमध्ये सोलापूर ४२च्या पुढे गेलं की दुपारी गेम लावायचा नाही हा आमच्याकडे नियमच. फॅन खोलीतलीच हवा ओढणार. ती गरम असेल तर पेस्ट कितीही भारी असो. मी मशीन भिंतीपासून पुढे ओढलं, लाकडी कपाटातून बाहेर काढलं आणि पंख्याच्या समोर ठेवलं. जाळी वगैरे लावू नका. तंतू तिच्यावर बसून हवाच बंद होते. ठरावीक काळाने उघडून झाडणं, एवढंच. वीज जाते-येते तेव्हासाठी इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकलंय, म्हणजे गेम सेव्ह होत असताना मशीन मध्येच बंद पडत नाही.

मामेभावाला दिलेलं उत्तर

"तुझा टीव्ही कुठला?"

"बत्तीस इंची."

"फोर-के?"

"एचडी रेडी आहे, दादा."

"मग थांब की बे. आधी तुझा उघडू."

त्याचा साधा पीएस४ उघडला, साफ केला, पेस्ट बदलली, माझी एक जुनी एसएसडी त्यात टाकली. त्याच्या पडद्यावर प्रोचे जास्तीचे पिक्सेल दिसायला जागाच नाही. टीव्ही मोठा फोर-के असेल, घरात अजून कन्सोल नसेल आणि ७२०० मालिकेचा प्रो बऱ्या भावात मिळत असेल, तर मी आजही घ्या म्हणेन. पीएस४चे ढीगभर गेम आहेत, डिस्क स्वस्तात मिळतात. पण चालता पीएस४ विकून, वर पैसे घालून प्रो घेणं? त्या पैशात पीएस५कडे सरका. तिथे सीपीयू खरोखर बदललाय, आणि पीएस४च्या डिस्क चालतातच. बिनड्राइव्हचा डिजिटल तेवढा घेऊ नका. मी स्वतः प्रो घेतला तो उघडायची हौस म्हणून. त्याला आर्थिक शहाणपणाचं नाव देत नाही.

उरलेलं काम: माझ्या २०१४च्या पीएस४मधला सीआर२०३२ सेल (आतलं घड्याळ चालू ठेवणारा) बदलायचाय. पूर्वी तो सेल मेला आणि सोनीचा सर्व्हर मिळाला नाही तर गेमच चालत नसत. सप्टेंबर २०२१च्या ९.०० अपडेटने ती भीती घालवली, त्यामुळे घाई नाही. प्रोचे थर्मल पॅड मात्र पावसाळ्याआधी बदलणार. त्यांची जाडी कोणी मोजली असेल तर कळवा, मला बोर्ड पुन्हा खोलायच्या आधी पॅड हातात हवेत.