फोनोग्राफच्या भागांवरचा गंज: किती काढावा, कुठे थांबावे

जुना फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या सिलिंडरवरचा आवाज वाजवणारे चावीचे यंत्र, उघडल्यावर गंजलेल्या भागांचा ढीग समोर दिसला, की सगळेच एखाद्या द्रावणात रात्रभर बुडवून मोकळे व्हावे असे वाटते. गंज काढणारी द्रावणे सहज मिळतात आणि ती आपले काम चोख करतात. अडचण एवढीच, की गंज सगळीकडे एकच असला तरी त्याच्याखाली जपायचे ते प्रत्येक भागात निराळे असते. ओतीव लोखंडाच्या बैठकीवर काळा रंग आणि सोनेरी रेघा जपायच्या असतात, सिलिंडर बसतो त्या मँड्रेलवर निकेलचा मुलामा, आवाज काढणारा भाग सिलिंडरवरून पुढे सरकवणाऱ्या फीड स्क्रूवर आट्यांचे माप आणि यंत्र चालवणाऱ्या मेनस्प्रिंगमध्ये पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा. म्हणून गंज कशाने निघेल हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. हा भाग यंत्रात काय काम करतो, हा पहिला.

काहीही सुटे करण्याआधी स्प्रिंगचा ताण पूर्ण उतरलेला असला पाहिजे. यंत्र फिरत नाही म्हणजे स्प्रिंग सैल आहे असे मुळीच समजू नये. पुष्कळदा गंजाने किंवा वाळून डिंकासारख्या झालेल्या ग्रीसने मोटर अडकलेली असते आणि आतला ताण तसाच राहिलेला असतो. अशा अवस्थेत गव्हर्नर (मोटरचा वेग आवरणारा भाग) काढला, तर दंतचक्रे मोकाट फिरतात, दाते तुटतात आणि मध्ये बोट असेल तर तेही सापडते. गव्हर्नर जागेवर ठेवूनच सांध्यांत पातळ तेल सोडावे, वाट पाहावी आणि मोटर स्वतःहून थांबेपर्यंत चालू द्यावी.

मग प्रत्येक भागाला लोहचुंबक लावून पाहावे. रिप्रोड्यूसर (सिलिंडरच्या खाचेवर टेकून आवाज काढणारा भाग), साउंडबॉक्स (तबकडीच्या यंत्रातला तसाच भाग) आणि टोनआर्म (त्याला धरणारी पोकळ दांडी) यांचे काही भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि आम्लात जस्त लोखंडाच्या आधी विरघळते, त्यामुळे हे भाग लोखंडाबरोबर एका भांड्यात कधीही टाकू नयेत. त्यांच्यावर दिसणारा विटकरी डाग बहुधा शेजारच्या स्क्रूवरून उतरलेला असतो आणि तेलाच्या फडक्याने निघतो.

सर्वांत जास्त वेळ मी फीड स्क्रूला देतो. एडिसनच्या ‘स्टँडर्ड’ मॉडेलसारख्या यंत्रांत त्यावर इंचाला 100 आटे असतात, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर 0.254 मिलिमीटर. दोन मिनिटांच्या मेणाच्या सिलिंडरवरील खाचाही इंचाला 100 असतात, आणि रिप्रोड्यूसर त्या खाचेबरोबर नेमका पुढे सरकत राहावा हे काम हा स्क्रू आणि त्यावर टेकलेला अर्धा नट (उभा कापल्यासारखा, एकाच बाजूने आट्यांत बसणारा) मिळून करतात. (1908 मध्ये इंचाला 200 खाचांचे, चार मिनिटांचे ॲम्बेरॉल सिलिंडर आले, तेव्हा दोन्ही प्रकार वाजवता यावेत म्हणून गिअर बसवून स्क्रूची गती निम्मी करण्याची सोय झाली.) एवढ्या बारीक आट्यांवर पॉलिश पेपर फिरवला, तर गंजाबरोबर त्यांची शिखरेही उतरतात, अर्धा नट घसरू लागतो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते.

यासाठी मी स्क्रू आधी रॉकेलमध्ये भिजत ठेवतो आणि मऊ पितळी ब्रशाने आट्यांच्या दिशेने घासतो. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. त्यानंतर सुती दोरा पातळ तेलात भिजवून, त्याला किंचित मेटल पॉलिश लावून खाचेत एक वेढा देतो आणि स्क्रू सावकाश फिरवत दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ देतो. सुरुवातीचे दोरे विटकरी निघतात, पुढचे करडे. विटकरी रंग उमटेनासा झाला की थांबायचे, मग खाचेच्या तळाशी काळे ठिपके दिसत असले तरी. ते ठिपके म्हणजे गंजाने पाडलेले खड्डे आहेत. खड्डा नटाला अडवत नाही, पण तो नाहीसा करायचा तर भोवतालचे चांगले पोलाद त्याच्या पातळीपर्यंत खाली आणावे लागते. शेवटी पॉलिशचा कण न् कण रॉकेलने धुऊन काढावा, नाहीतर तो अर्ध्या नटात रुतून स्क्रूलाच घासत बसतो.

गव्हर्नरचा दांडा आणि त्यावरचा वर्म (दंतचक्रात अडकणारा स्क्रूसारखा भाग) यांनाही हेच तत्त्व लागू आहे. दांड्याची टोके जेवढी गुळगुळीत तेवढा आवाज कमी, परंतु ती घासून बारीक झाली तर दांडा थरथरतो आणि सूर हलू लागतो. गव्हर्नरची चकती जिथे चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासते, तो कडेचा भाग मात्र आरशासारखा व्हावा इतका मी घासतो, कारण वेगावरचे नियंत्रण त्या घर्षणावरच चालते.

मेनस्प्रिंगच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: तिला आम्ल लावू नये आणि विजेच्या टाकीतही (द्रावणातून वीज सोडून गंज काढतात ती) घालू नये. दोन्ही क्रियांमध्ये हायड्रोजन सुटतो, तो कडक केलेल्या पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होते. वरून लखलखीत दिसणारी स्प्रिंग चावी देताना तुटते. डबीतून स्प्रिंग काढताना जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. गंज वरवरचा असेल तर रॉकेल आणि सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांचे स्टील वूल पुरते. नखाला लागतील असे खड्डे असतील, तर तडा तिथूनच सुरू होतो, तेव्हा स्प्रिंग बदलणेच बरे.

रंगवलेल्या बैठकीवर गंजापेक्षा उत्साहाची भीती जास्त. सोनेरी रेघा आणि नाममुद्रा यांच्यावर बहुधा वॉर्निशचा पातळ थर असतो, आणि तो शेलॅकचा असला तर स्पिरिटने लगेच विरघळतो. कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने आधी परीक्षा घ्यावी. नुसती धूळ आणि तेलकट मळ काढायला संग्रहालयांतले तज्ज्ञ कधी कधी लाळेने ओलावलेला बोळा वापरतात. ऐकायला विचित्र वाटले तरी लाळेतील विकरांमुळे तो उपाय खरोखर काम करतो. रंगाखाली फुगलेला गंज खरवडायला गेलो तर भोवतालचा रंगही निघतो, म्हणून पापुद्रा सुटलेल्या जागेपुरताच तो काढून वर मेणाचा हात द्यावा.

निकेलवरचे तपकिरी ठिपके खालच्या लोखंडातून, मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर आलेले असतात. आम्ल त्याच छिद्रांतून आत जाते, लोखंड खाते आणि मुलामा पापुद्र्यासारखा उचलला जातो. चुरगाळलेला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा तेलात बुडवून हलक्या हाताने घासला तर ठिपके पुसट होतात. ॲल्युमिनियम निकेलपेक्षा मऊ असल्याने मुलामा शाबूत राहतो.

राहिले ते बिनरंगी, बिनमुलाम्याचे जाड भाग, जसे हँडलचा दांडा किंवा मोटरची उघडी चौकट. यांना विजेची टाकी उत्तम: पाण्यात धुण्याचा सोडा, ऋण टोकाला गंजलेला भाग, धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी. तिथे स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण सुटणारा हायड्रोजन पेट घेतो. लहान स्क्रूंसाठी मला ऊर्ध्वपातित पाण्यात उकळण्याची पद्धत अधिक आवडते. त्यात तांबूस गंजाचे काळ्या, स्थिर ऑक्साइडमध्ये रूपांतर होते, सुटा भाग ब्रशाने झडतो आणि स्क्रूची मूळ काळसर छटा बरीचशी सांभाळली जाते.

पाण्यातून निघालेले लोखंड पाहता पाहता पुन्हा तांबूस होते, म्हणून भाग गरम पाण्यातच खंगाळावा, लगेच हेअर ड्रायरने वाळवावा आणि कोमट असतानाच शिवणयंत्राचे तेल लावावे. त्यानंतर उघड्या बोटांनी हाताळू नये, घामातील मीठ पुरेसे असते. जोडणी झाल्यावर मँड्रेलवर कागदाची चिठ्ठी चिकटवून मिनिटभरातले फेरे मोजावेत. नंतरच्या काळातील बहुतेक सिलिंडरांसाठी ते 160 हवेत. आकडा वरखाली होत असेल तर स्प्रिंगवर संशय घेण्याआधी गव्हर्नरच्या चकतीची कड पुन्हा एकदा भिंगाखाली पाहावी.