वय ३८, मोठा मुलगा ३०

टॅबवर सर्व्हे करायला लागल्यापासून सगळे विचारतात, काम सोपं झालं ना? झालं की! पूर्वी फॉर्मचे गठ्ठे पावसातून वाचवत आणायचे, मग महिनाभर डेटा एन्ट्री, आणि चूक सापडेपर्यंत गाव इतकं मागे पडलेलं असायचं की परत जाणार कोण. आता स्किप, म्हणजे उत्तरानुसार गाळायचे प्रश्न, आपोआप पडतात, रेंज नसली तरी फॉर्म टॅबमध्येच सेव्ह होतो आणि नेटवर्कमध्ये आलो की सेंड करायचा. आम्ही वापरतो ते ओडीके, म्हणजे टॅबवर फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर, २००८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये सुरू झालं आणि ते फुकट आहे, ब्राझीलने तर २०१० ची अख्खी जनगणना हातातल्या अशा छोट्या डिव्हाइसवर केली. त्यामुळे कागदाकडे परत जा असं मी अजिबात म्हणत नाही.

पण एका बॅक चेकचं सांगते. बॅक चेक म्हणजे झालेल्या घरांपैकी काही घरं सुपरवायझरने परत जाऊन तपासायची. एका घरात फॉर्मवर बाईंचं वय ४५, मोठ्या मुलाचं ३०. मी विचारलं तर बाई म्हणाल्या ३८, आणि त्यांच्याकडे जन्माचा दाखलाही होता. मग ४५ कुठून आलं? तर फॉर्ममध्ये मीच कन्स्ट्रेंट, म्हणजे उत्तरावरची अट, टाकला होता, आई आणि मुलाच्या वयात किमान १२ वर्षांचं अंतर हवं, नाहीतर पुढचा प्रश्नच उघडत नाही. आमची फॉर्म भरणारी मुलगी तिथे उन्हात बसलेली, स्क्रीन धड दिसत नाही, बॅटरी १५ टक्के, लाल मेसेज जाता जाईना, समोरच्या बाईंना शेतात जायची घाई. तिने वय वाढवलं. मेसेज गेला.

मुलगा सवतीचा होता. पहिली बायको वारली, मग या आल्या, इतकी साधी गोष्ट. कागदावर तिने ३८ आणि ३० लिहिलं असतं आणि बाजूला पेनने दोन शब्द खरडले असते. टॅबमध्ये खरडायला समासच नव्हता, आणि डेटा मात्र इतका स्वच्छ दिसत होता की त्या घरावर बॅक चेकची चिठ्ठी निघाली नसती तर कुणाला काही कळलंच नसतं.

त्या मुलीला मी एका शब्दाने बोलले नाही, चूक फॉर्मची होती. अशक्य उत्तर अडवावं, म्हणजे वय ४०० टाइप झालं तर अडवा. पण विचित्र उत्तर अडवू नये, तिथे फक्त विचारावं, हे बरोबर आहे का, आणि कारण लिहायला जागा द्यावी.

अजून एक. टॅबवर इन्व्हेस्टिगेटरला, म्हणजे घरोघरी फॉर्म भरणाऱ्याला, दोन दिवसांत कळतं की कुठे 'नाही' म्हटलं की वीस प्रश्न गळतात. 'घरात अजून कोणी राहतं का' याला 'नाही' टिक केलं की एक म्हातारा माणूस सर्व्हेतून गायब. म्हणून आम्ही आता सगळ्यांची नावं आधी घेतो, प्रत्येकाचे प्रश्न नंतर, आणि फॉर्म किती मिनिटांत संपला तेही रोज संध्याकाळी बघतो.

आणि टॅब छातीशी उभा धरायचा नाही! समोरच्याला वाटतं आपला फोटो काढताहेत, आणि तुमचं तोंडही झाकलं जातं. मांडीवर आडवा ठेवा, त्यांनाही स्क्रीन दिसू दे, प्रश्न वाचून झाला की मान वर करा. उत्तर ऐका आणि मग टाइप करा, दोन सेकंद जास्त गेले तरी चालतील.

नव्या फॉर्ममध्ये अंतर १२ पेक्षा कमी आलं की आता फक्त एक प्रश्न येतो, मुलगा पोटचा, सावत्र की दत्तक. खाली शेऱ्याला रिकामी जागा. त्याच घरी पुढच्या राऊंडला गेलो तेव्हा फॉर्म भरायला तीच मुलगी होती. ३८ आता ३९ झालं होतं, आणि शेऱ्यात तिने लिहिलं होतं, "सावत्र आहे, पण बाई म्हणतात माझाच लिहा."