प्रवाळ मोजायला शिकताना

प्रवाळांवर संशोधन करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डायव्हिंगच येतं. डायव्हिंग म्हणजे कामावर पोहोचण्याची बस. पदवी, पदव्युत्तर अभ्यास, परवाने हे टप्पे साधारण सगळ्यांचे सारखेच. मला खरा वेळ लागला तो पाण्याखाली मोजायला शिकण्यात.

पद्धत सांगायला सोपी आहे. तळावर ५० मीटरची मोजपट्टी अंथरायची आणि ठरावीक अंतरावर तिच्याखाली काय आहे ते लिहायचं: जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवाल, वाळू. प्लॅस्टिकच्या पाटीवर, साध्या शिसपेन्सिलीनं. कुठे हात टेकायचा नाही, पायातले फिन लागू द्यायचे नाहीत, आणि लाट मात्र सतत ढकलत असते.

नवख्याचे आकडे कुणी लगेच वापरत नाही. एकाच पट्टीवरून आधी अनुभवी सहकारी जायचा, मागून मी. बोटीवर आलो की दोन्ही पाट्या शेजारी ठेवायच्या. आमचं हमखास अडायचं ते पांढऱ्या प्रवाळावर. उष्णतेनं त्रासलेला प्रवाळ स्वतःच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवालं गमावतो. रंग आणि बहुतांश अन्न त्यांच्याकडूनच येत असतं. ती गेली की प्रवाळ पांढरा पडतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. पण ब्लीचिंग म्हणजे मरण नव्हे. पारदर्शक झालेले पॉलिप, म्हणजे ज्यांच्या वसाहतीतून प्रवाळ बनतो ते चिमुकले जीव, काही आठवडे तग धरू शकतात, पाणी वेळेत थंड झालं तर सावरतातही. म्हणून अगदी जवळ जाऊन सांगाड्यावर ऊती उरल्यात का ते पाहायचं. मेलेल्यावर लवकरच शैवालाची लव चढते. काही प्रवाळ पांढरे पडण्याआधी झगझगीत निळे-जांभळे होतात. फोटोत फार देखणे दिसतात, नोंद मात्र आजाऱ्यांत करायची!

आकडे पुरेसे जुळेपर्यंत माझ्या पाट्या सरावाच्याच धरल्या गेल्या. त्याचं कारण पुढे संगणकासमोर बसल्यावर नीट उमगलं. जागतिक ब्लीचिंग १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१४ ते २०१७ मध्ये झालं. चौथं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. दर वेळी किती प्रवाळ गेला हे कळायला आधीच्या माणसाच्या आकड्यातून माझा आकडा वजा करावा लागतो. दोघांची नजर वेगळी असेल तर त्या वजाबाकीला काही अर्थ नाही.

पंचाईत पैशांची. निधी मिळतो दोन-तीन वर्षांचा आणि पोरायटीस नावाचा गोलसर प्रवाळ वाढतो वर्षाला साधारण एक सेंटीमीटर. त्यामुळे माझ्या प्रत्येक अर्जाचा मजकूर थोडक्यात एकच असतो: तीच पट्टी त्याच जागी पुन्हा अंथरायची आहे, पैसे द्या.