आमची वाटचाल: काच तीच दिसते, नंबर बदलतो

सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघे भागीदार होतो आणि जुन्यात घेतलेलं एक काच घासायचं मशीन होतं. पहिली दोन वर्षं शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी लोलक आणि बहिर्गोल भिंगं केली. त्या कामात थोडं उन्नीस-बीस चालून जायचं. लोलकातून पडद्यावर सात रंग पडले की गिऱ्हाईक खूश.

खरी परीक्षा चष्म्याची भिंगं करायला घेतल्यावर सुरू झाली. भिंगाचा नंबर दोन गोष्टींवर ठरतो: पृष्ठभागाची वक्रता आणि काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा. वक्रता आमच्या हातात असते, अपवर्तनांक काच सोबत घेऊन येते. हवेत सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश साध्या काचेत २ लाखांच्या आसपास येतो. किरण तिरका आला तर त्याची एक बाजू आधी मंदावते, दुसरी मागून येते, आणि तो वळतो. सरळ आला तर नुसता मंदावतो, दिशा बदलत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, आमच्या क्राउन काचेचा (चष्म्याची नेहमीची साधी काच) १.५२३, हिऱ्याचा २.४२. वळण्याच्या या नियमाला स्नेल या डच गणितज्ञाचं नाव आहे, त्याने तो १६२१ मध्ये मांडला. पण बगदादच्या इब्न सहल या गणितज्ञाने तो ९८४ च्या सुमारास जाळणाऱ्या भिंगांचा आकार काढताना वापरला होता. म्हणजे माणूस आमच्याच लाइनीतला!

हे सगळं आम्हाला पाठ होतं, तरी फटका बसायचा तो बसलाच. +२.०० ची चाळीस भिंगं तयार झाली. वक्रता मोजली, बरोबर. पॉलिश झकास. लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर मोजायचं यंत्र) पहिलं भिंग ठेवलं तर २.२५ च्याही पुढे. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. आधी मीटरवर संशय घेतला, मग मशीनवर, मग (हे लिहायला लाज वाटते) कारागिरावर. शेवटी भागीदाराने कागदावर उलटं गणित मांडलं. नंबर अपवर्तनांकातून एक वजा करून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात वाढतो. आमची सगळी टूल्स १.५२३ वर बेतलेली, म्हणजे ०.५२३. काच १.६० ची असेल तर ०.६०. त्याच वक्रतेवर २.०० चे २.२९ होतात. पुरवठादाराकडून खोक्यात भलतीच काच आली होती, आणि डोळ्यांना दोन्ही काचा सारख्याच.

उरलेला माल वेगळा कसा काढायचा? त्यासाठी लवंगेचं तेल आणलं. त्याचा अपवर्तनांक १.५३ च्या आसपास असतो. क्राउन काच त्यात बुडवली की कड जवळजवळ नाहीशी होते, कारण दोन्हीकडे प्रकाशाचा वेग सारखाच, मग वळायला कारणच उरत नाही. १.६० ची काच मात्र स्पष्ट दिसत राहते. वाटीत बुडवलेला तुकडा नजरेसमोर विरघळल्यासारखा होतो ते पाहायला आमच्या हिशेबनीसही उठून आल्या होत्या. तेव्हापासून नवं खोकं आलं की त्यातली एक काच आधी वाटीत जाते.

पुढे प्लास्टिक आलं, मग जास्त इंडेक्सचं, म्हणजे जास्त अपवर्तनांकाचं, पातळ प्लास्टिक. मोठ्या नंबरवाल्यांना भिंग पातळ हवं असतं, ते बरोबरच आहे. पण हे सामान वेगवेगळे रंग जास्त वेगवेगळे वळवतं. त्याचं माप म्हणजे ॲबे अंक: साध्या प्लास्टिकचा ५८, पॉलिकार्बोनेट या पातळ प्लास्टिकचा ३० च्या जवळ. जितका कमी, तितकी भिंगाच्या कडेने बघताना दिव्यांना रंगीत झालर. कमी नंबरवाल्याला महागडं पातळ भिंग गळ्यात मारणं मला तरी पटत नाही.

आता निम्मं काम दुर्बिणींच्या काटकोनी लोलकांचं आहे. त्यात प्रकाश आतून ४५ अंशांनी पृष्ठभागावर आदळतो. काचेतून हवेत निसटण्याची मर्यादा ४१ अंशांच्या आसपास, म्हणून तो बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. मागे चांदीचा मुलामा लागत नाही. एकदा 'आत डाग आहेत' म्हणून पूर्ण खेप परत आली. आम्ही ताण तपासला, बुडबुडे शोधले, दोन दिवस घालवले. डाग होते अंगठ्यांचे. ओशट ठसा बसला की त्या जागी काचेबाहेर हवा राहत नाही, आणि प्रकाश तिथून निसटतो. पॅक करणाऱ्याने लोलक नेमके मोठ्या बाजूला धरले होते. पुसले आणि त्याच डब्यात परत पाठवले.