एम्बामिंगच्या लाइनमध्ये यायचंय त्यांच्यासाठी

हल्ली बारावी झालेली पोरं विचारतात, ताई एम्बामिंगचा, म्हणजे मृतदेह रसायनं भरून टिकवायचा कोर्स पुण्यात कुठे आहे. अमेरिकेत कसं, मॉर्च्युअरी सायन्सला अ‍ॅडमिशन घ्या, बोर्डाची परीक्षा द्या, कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करा की मग लायसन्स, तसा सरळ रस्ता आपल्याकडे नाही. इथे हे काम मुख्यतः मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) डिपार्टमेंटचं, म्हणजे आधी एमबीबीएस मग ३ वर्षं एमडी अ‍ॅनाटॉमी. बॉडी विमानाने परदेशी न्यायची तर एम्बामिंग सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर सही डॉक्टरची.

पण मी स्वतः अ‍ॅनाटॉमीत आहे म्हणून सांगते, हात चालतो तो आमच्या मामांचा, म्हणजे डिपार्टमेंटच्या अटेंडंटचा. मांडीतली धमनी शोधायची, कॅन्युला (बारीक नळी) बसवायची, फॉर्मेलिन, फिनॉल, ग्लिसरीनचं मिश्रण साधारण ८-१० लिटर सावकाश आत सोडायचं, घाई केली की चेहरा सुजतो आणि मग घरच्यांना दाखवायचा कसा? पोस्टमॉर्टेम झालेली बॉडी असेल तर आतल्या रक्तवाहिन्या कापलेल्या असतात, मग मान, दोन्ही हात, दोन्ही पाय असं वेगवेगळं इंजेक्ट करावं लागतं, नवीन रेसिडेंटला, म्हणजे एमडी करणाऱ्या डॉक्टरला ते मामाच शिकवतात. आणि या माणसाकडे त्याचा एक कागद नाही. मला याचा खरंच राग येतो. फॉर्मेलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडने कॅन्सर होतो हे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००४ मध्येच जाहीर केलंय, तरी फिल्टरवाला मास्क आणि चांगला एक्झॉस्ट मागावा लागतो. सरकारी मेडिकल कॉलेजांनी अशा लोकांसाठी सर्टिफिकेट कोर्स सुरू करायलाच हवा.

तसं काम रोज नसतं हेही लक्षात घ्या. आपल्याकडे बहुतेक मयत त्याच दिवशी वैकुंठ स्मशानभूमीत जाते, मुलगा अमेरिकेहून येईपर्यंत थांबायचं तर कोल्ड स्टोरेज पुरतं. एम्बामिंग लागतं ते देहदानाला आणि लांब न्यायच्या बॉडीला, पुण्यात परदेशी विद्यार्थीही खूप आहेत.

डॉक्टर व्हायचं नसेल तर शववाहिका, तिरडीचं सामान, अंत्यसंस्काराचा पास, पोलीस एनओसी, एम्बसीचे कागद हे सगळं सांभाळणारं काम आहे. त्याला डिग्री लागत नाही, पण रात्री २ वाजता फोन आला तरी रडणाऱ्या माणसाशी नीट बोलता आलं पाहिजे, माझ्या मते हे सगळ्यात अवघड.

आणि कुणी झटपट एम्बामर बनवतो म्हणून फी मागत असेल तर पैसे भरायच्या आधी एकच विचारा, तुमच्याकडे शिकल्यावर सर्टिफिकेटवर सही कुणाची चालणार?