बारा सगळ्यांनाच दिसतो

कोल्हापूरला समुद्र नाही. जवळचा म्हणजे रत्नागिरीचा, तोही आंबा घाट उतरल्यावर. एनसीसीचा नौदल विभाग 1952 पासूनचा, पण आमच्या बाजूचं त्याचं युनिटसुद्धा रत्नागिरीलाच. तरी इथल्या पोरांना त्या पांढऱ्या गणवेशाचं भारी वेड. 2019 च्या महापुरात नौदलाची पथकं रबरी बोटी घेऊन आली, तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुलं आता हायस्कुलात आहेत. अशांसाठी नौदलातल्या एका निवृत्त चीफ पेटी ऑफिसरनी तुकडी सुरू केलीय. रविवारी कवायत, दोराच्या गाठी, झेंड्यांचे इशारे, पाणी बरं असलं की वल्ही. सगळे त्यांना नुसतं ‘चीफ’ म्हणतात.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात दिवसभर चष्म्याचे नंबर काढतो. नव्या मुलांचे डोळे तपासायला चीफनी मला बोलावलं, आणि फॉर्मवर रंगदृष्टीचा रकाना त्यांनी मुद्दाम घालून घेतला होता. बाकीच्यांना तो फालतू वाटत होता. मलाही खरं तर तो पाच मिनिटांचा प्रकार वाटत होता.

रंगदृष्टीला आम्ही इशिहाराचं पुस्तक वापरतो. जपानच्या डॉ. शिनोबू इशिहारांनी ते 1917 मध्ये काढलं, अजून त्याला तोड नाही. रंगीत ठिपक्यांच्या गोलात आकडा लपलेला असतो. पुस्तक हातभरापेक्षा थोडं लांब, दिवसाच्या उजेडात धरायचं, पानाला बोट लावू द्यायचं नाही, आणि तीन-चार सेकंदांत उत्तर घ्यायचं. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो, रंग कळो न कळो. मुलगा थापा मारतोय का, तेवढं त्यावरून समजतं.

रांग पटापट सरकत होती. बारा, आठ, एकोणतीस, बारा, आठ, एकोणतीस. नववीतला एक उंच पोरगा आला, त्यानंही धडाधड तेच म्हटलं. जरा जास्तच धडाधड. मी पान उलटायच्या आधीच उत्तर तयार! म्हणून मी मधलंच एक पान उघडलं. त्यावर 74 असतात.

“एकवीस,” तो म्हणाला.

ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांना तिथं नेमके 21 दिसतात. मागं जाऊन आठाचं पान पुन्हा दाखवलं आणि म्हटलं, आता पाठ केलेलं नको, दिसतंय ते सांग. बराच वेळ बघून म्हणाला, “तीन.”

“मग मघाशी आठ कसं म्हणालास?”

“पुढचा म्हणाला ते ऐकलं. मला वाटलं, सगळेच अंदाजानं सांगालेत.”

खोटारडेपणाचा लवलेश नव्हता त्याच्या तोंडावर. जन्मापासून जग असंच दिसलंय, तर दुसऱ्यांना वेगळं दिसतं हे त्याला कळणार कुठून? शाळेत चित्रकलेला झाडाचं खोड हिरवं रंगवलं म्हणून बोलणी खाल्ली होती, एवढंच त्याला आठवत होतं. बाई म्हणाल्या होत्या, लक्ष नसतं तुझं.

चीफना बोलावलं. त्यांच्याकडं शिकवायला दोन कंदील होते, जहाजाच्या डाव्या बाजूचा लाल, उजव्या बाजूचा हिरवा. त्यांनी हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या आणि पोराला दुसऱ्या टोकाला उभं केलं. नियम त्याला तोंडपाठ होता: दोन्ही दिवे दिसले तर जहाज समोरून आपल्यावरच येतंय, उजवीकडून येणाऱ्याचा लाल दिसला तर वाट आपण द्यायची. चीफनी एकेक दिवा दाखवायला सुरुवात केली. पहिली काही उत्तरं बरोबर आली. मग त्यांनी हिरव्यावर ट्रेसिंग पेपर धरून उजेड कमी केला.

“लाल,” पोरगा म्हणाला.

म्हणजे रंग नाही, तो उजेड कमी-जास्त बघत होता. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, पण दिव्यांवरची चाचणी नौदलात खरोखरच असते आणि चीफना ती कशासाठी असते ते माहीत होतं.

“पण सिग्नलला मी कधी चुकत न्हाई,” पोरगा पेटला होता.

“सिग्नलला वर लाल, खाली हिरवा. ते मीपण डोळे मिटून सांगीन,” चीफ म्हणाले. “समुद्रात खांब कुठाय?”

आता पाळी आईची. पुढं आल्या, मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “सर, तेवढी ओळ लिहू नका की. पुढं मर्चंट नेव्हीला घालायचंय त्याला. कशाला डाग?”

असं सांगणाऱ्या त्या पहिल्याच नव्हेत. मी लिहिलं. कारण दोन मिनिटांत सापडणारी ही गोष्ट बारावीनंतरच्या मेडिकलमध्ये सापडायचीच आहे. तोवर क्लासची फी गेलेली असते, कुणी ओळखीचा एजंट पैसे घेऊन बसलेला असतो, आणि घरात सगळ्यांनी पोराला कॅप्टन म्हणायला सुरुवात केलेली असते. डेकवरच्या अधिकाऱ्याला रंग बिनचूक कळावेच लागतात, तिथं वशिला चालत नाही आणि चालूही नये. रंगीत काचांचे चष्मे विकणारे आहेत, त्यानं काही रंगांतला फरक ठळक होत असेल, पण डोळा बदलत नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. औषध आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. जन्मजात आहे, वाढणार नाही, नजरही जाणार नाही.

“आमच्यात कुणाला न्हाई असलं काही.”

“तुमच्या वडिलांचं कसं?” मी विचारलं. मुलाला हा दोष आईकडून येतो, आईला स्वतःला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. अशा वेळी आजोळी विचारायचं.

आजोबा नातवाला सोडायला आलेच होते, बाहेर गाडीवर बसून. आत आले, टोपी सावरली आणि म्हणाले, “मला बी दाखवा ते पुस्तक.” बारा म्हणाले. पुढच्या पानावर थांबले. “ह्यात काय न्हाईच की.” तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला त्यांनी माझ्याकडंच संशयानं पाहिलं.

आई एकदम हसायलाच लागल्या. “अण्णा, म्हणून तुमी बाजारातनं टोमॅटो हिरवी आणायचा? आई जन्मभर भांडली की ओ तुमच्याशी!”

“हात लावून बघायचो की मी,” अण्णा कुरकुरले. “रंगाचं कुणाला ठाव.”

चीफनी तोवर फॉर्मवर सही केली होती. मी लिहिलं होतं: ‘लाल-हिरवा रंगदोष. तुकडीत घेण्यास हरकत नाही.’ वल्ही मारायला, गाठी बांधायला, जहाजांची मॉडेलं करायला रंगाचं अडत नाही. रात्रीच्या दिव्यांचा धडा त्यानंही शिकायचा, पण त्याच्या शेजारी दुसरा एक जण असेल, एवढंच चीफ म्हणाले. पोरगा गप्प होता. फॉर्म घेताना त्यानं ती ओळ वाचली आणि विचारलं, “मग जहाज बांधणाऱ्यांचं बी असं तपासतात का?” ते कॉलेजातलं शिक्षण आहे, खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटीत शिकवतात, आणि तिथं जायचं तर गणित पक्कं लागतं, असं मी सांगितलं. गणित ऐकून त्याचं तोंड पुन्हा उतरलं.

जाता जाता आई परत वळल्या. बहिणीचा मुलगा सातवीत आहे, त्याला कधी आणू? म्हटलं, कधीही आणा, पण सकाळी. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये हे पुस्तक चालत नाही.